नसबंदी झालेल्या कुत्रीची लघवी झोपेत गळते : कारण, तपासण्या आणि उपचार

प्रश्न थोडक्यात असा आहे. डॉबरमन जातीची मादी, वय साडेपाच वर्षे, वजन 34 किलो. आठ महिन्यांची असताना, पहिल्यांदा माजावर येण्यापूर्वीच, तिची नसबंदी झाली. गेले चार महिने ती झोपेतून उठली की अंथरुणावर तळहाताएवढा, कधी ताटलीएवढा ओला डाग दिसतो. बाहेर नेल्यावर ती नेहमीसारखी बसून लघवी करते. घरच्यांनी रागावून पाहिले, रात्री सातनंतर पाणी बंद करून पाहिले, अँटिबायोटिकचे दोन कोर्स झाले. फरक पडला नाही. एकाने सांगितले की वयामुळे होते, चालायचेच. दुसऱ्याने सांगितले की नसबंदीमुळे झाले आहे, आता उपाय नाही. यातले खरे काय?

सर्वांत आधी पाण्याचे भांडे आजच परत जागेवर ठेवावे, ही विनंती. बाकीचे सारे सावकाश वाचले तरी चालेल. पाणी तोडल्याने गळणे थांबत नाही, लघवी दाट होते आणि मूत्राशयाच्या जंतुसंसर्गाला वाव मिळतो. आणि तिला खूप तहान लागण्यामागे मधुमेहासारखा किंवा मूत्रपिंडाचा आजार असेल, तर रात्रभर पाण्याविना ठेवणे तिच्या जिवावरही बेतू शकते.

दुसरी गोष्ट रागावण्याची. लघवी करणे आणि लघवी गळणे ही दोन वेगळी क्रियापदे आहेत, आणि या आजाराचे निम्मे निदान त्या फरकातच आहे. आपली कुत्री लघवी करत नाही, तिची लघवी गळते, आणि गळताना तिला ते कळत नाही. ती उठते तेव्हा जवळ बसून पाहा. ती ओल्या डागाकडे वळून हुंगते, कधी स्वतःलाच चाटते, कधी जागा बदलून दुसरीकडे जाऊन बसते. हट्टाने किंवा भीतीने लघवी करणारी कुत्री आधी पाय दुमडून बसते आणि मग लघवी सोडते. अशा कुत्रीला वळण लावता येते. झोपेत गळणाऱ्या कुत्रीला रागावून तिच्या मनात फक्त स्वतःच्याच अंथरुणाची धास्ती बसते.

असे का होते, ते थोडे सविस्तर सांगतो, कारण ते समजले की औषधांचा क्रमही आपोआप समजतो. मादी कुत्रीच्या मूत्राशयाच्या तोंडाशी नळाच्या चावीसारखी एकच वेगळी झडप नसते. मूत्राशयाची मान आणि तिच्यापुढचा मूत्रमार्ग यांच्या भिंतीतले स्नायू, त्या भिंतीतले कोलॅजनचे तंतू आणि आतल्या अस्तराची रक्ताने भरलेली मऊ गादी या सर्वांनी मिळून तो मार्ग मिटून धरलेला असतो. त्या स्नायूंना आवळून राहण्याचा संदेश मज्जातंतूंमधून सतत येत असतो आणि स्नायूंवरील अल्फा ग्राहक तो पकडतात. इस्ट्रोजेन या संप्रेरकामुळे हे ग्राहक तो संदेश अधिक चांगला पकडतात. नसबंदीत अंडाशय काढले जातात, इस्ट्रोजेनचा मुख्य स्रोत जातो, आणि अंडाशयांचा लगाम सुटल्यामुळे मेंदूतल्या ग्रंथीतून येणारी एफएसएच आणि एलएच ही दोन संप्रेरके रक्तात कायमची वाढून बसतात. हळूहळू मूत्रमार्गाची पकड सैल होते. जागेपणी, उभे असताना ती पकड पुरते. गाढ झोपेत, अंग सैल सोडून कुशीवर पडल्यावर पोटाचा दाब मूत्राशयावर येतो तेव्हा ती पुरत नाही.

काही कुत्रींच्या शरीराची रचनाही याला हातभार लावते. मूत्राशयाची मान पोटाच्या पोकळीत असली, तर पोटाचा दाब मूत्राशयावर आणि मानेवर सारखाच पडतो आणि मान मिटलेली राहते. ती मागे, कटीच्या हाडांच्या पोकळीत ओढली गेलेली असेल, तर दाब मूत्राशयावर पडतो, मानेवर तेवढा पडत नाही, आणि लघवी बाहेर ढकलली जाते. मूत्रमार्ग आखूड असणे आणि अंगावर चरबी चढलेली असणे याही गोष्टी अशाच घातक ठरतात. डॉबरमन, बॉक्सर, रॉटवायलर, जर्मन शेफर्ड, वायमरानर या मोठ्या जातींत हा त्रास जास्त आढळतो, आणि साधारण 20 किलोंच्या वरच्या कुत्रींना लहान चणीच्या कुत्रींपेक्षा त्याचा धोका बराच अधिक असतो. नसबंदीनंतर तो लगेच दिसेलच असे नाही. दोन-तीन वर्षांनी, कधी त्याहूनही उशिरा सुरू होतो. त्यामुळे आपल्या कुत्रीचे वय, जात, वजन आणि झोपेतच गळण्याचा प्रकार हे सारे याच आजाराकडे बोट दाखवतात. वैद्यकीय भाषेत त्याला मूत्रमार्गाच्या आकुंचनक्षमतेची कमतरता म्हणतात. साडेपाच वर्षे हे डॉबरमनचे म्हातारपण नव्हे, त्यामुळे ‘वयामुळे’ हे उत्तर मला मान्य नाही.

तरीही, लक्षणे तंतोतंत जुळली म्हणून तपासणीशिवाय औषध सुरू करू नये, असे मी आग्रहाने सांगतो, आणि त्याला कारण आहे. पशुवैद्यकीच्या पहिल्या काही वर्षांत माझ्याकडे नऊ वर्षांची एक कुत्री आली होती. नसबंदी झालेली, झोपेत गळणारी, बाकी ठणठणीत. मी लघवी न तपासता पकड वाढवण्याचे औषध दिले. थोडा फरक पडला, म्हणून दोन महिने तसेच चालू राहिले. मग तिचे वजन उतरू लागले. तपासले तेव्हा लघवीत साखर भरभरून होती. तिची पकड थोडी सैल असेलही, पण मूळ कारण मधुमेह होता. मूत्राशय इतके भरत होते की लघवी मावेना. दोन महिने वाया गेले ते माझ्यामुळे. तेव्हापासून लघवीची तपासणी झाल्याशिवाय मी या आजाराचे नाव घेत नाही.

म्हणून घरी पहिले काम करावे ते पाणी मोजण्याचे. लिटरची बाटली घेऊन सकाळी भांडे मोजून भरावे, दिवसभर भर घालाल ती लिहून ठेवावी आणि दुसऱ्या सकाळी उरलेले वजा करावे. असे तीन दिवस करावे. कुत्र्याने दिवसाला किलोमागे 100 मिलिलिटरपेक्षा जास्त पाणी पिणे ही प्रमाणाबाहेरची तहान आहे. 34 किलोंच्या कुत्रीसाठी ही मर्यादा 3.4 लिटरची होते, पण भर उन्हाळा नसताना ती रोज दोन-अडीच लिटर पिऊ लागली आणि पूर्वी इतके पीत नसे, तर तेही पशुवैद्याला सांगावे. याच वेळी खाजेसाठी किंवा कानासाठी तिला स्टेरॉइडच्या गोळ्या अथवा इंजेक्शने चालू आहेत का, ते आठवून पाहावे. प्रेड्निसोलोनने तहान आणि लघवी दोन्ही वाढतात, आणि गळण्याचे कारण शोधत आलेल्या कित्येक कुत्रींच्या बाबतीत ते त्वचेच्या औषधांच्या चिठ्ठीत सापडते.

दुसरे काम सकाळच्या पहिल्या लघवीचे. तिचे विशिष्ट गुरुत्व (म्हणजे ती किती दाट आहे), साखर, प्रथिने, रक्त आणि सूक्ष्मदर्शकाखाली पेशी व खडे पाहिले पाहिजेत. विशिष्ट गुरुत्व 1.030 च्या वर असेल तर मूत्रपिंडे पाणी राखत आहेत असे समजते आणि मोठी चिंता मिटते. ते वारंवार 1.015 च्या आसपास किंवा त्याखाली येत असेल, तर रक्ताची तपासणी करून मूत्रपिंडे, यकृत, कुशिंग (शरीरात कॉर्टिसॉल हे संप्रेरक वाढण्याचा आजार) यांचा विचार आधी करावा लागतो. जंतूंचे कल्चर (जंतू वाढवून ते कोणते ते ओळखण्याची तपासणी) मात्र घरी भरलेल्या नमुन्यावरून करू नये. सोनोग्राफीत पाहून पोटातून बारीक सुईने थेट मूत्राशयातली लघवी घ्यावी. सुई ऐकून मालक घाबरतात, पण रक्त काढण्यापेक्षा त्याचा त्रास अधिक नसतो. आपल्या कुत्रीला दोन कोर्स दिले गेले त्याआधी कल्चर झाले होते का, ते आपण लिहिलेले नाही. झाले नसेल, तर तिसरा कोर्स घेऊ नये. गळण्यामुळे जंतूंना वर चढायला ओली वाट मिळते आणि संसर्ग खरोखरच सोबत असू शकतो, पण तो सिद्ध करून, नेमके औषध निवडून, ते थोडे दिवस द्यायचे असते. अंदाजाने दिलेल्या अँटिबायोटिकने गळणे थांबत नाही, आणि पुढे गरज लागेल तेव्हा तेच औषध निकामी झालेले असते.

सोनोग्राफीत खडे, गाठी आणि लघवी करून आल्यावर मूत्राशयात किती लघवी उरते, हेही पाहून घेता येते. हे शेवटचे महत्त्वाचे आहे, कारण पाठीच्या मणक्यांच्या आजारात मूत्राशय रिकामेच होत नाही आणि भरलेला हंडा सांडावा तशी लघवी ओसंडते. तिथे पकड घट्ट करणारे औषध दिले तर हानी होते. मागचे पाय ओढत चालणे, नखे घासणे, शेपूट लुळी पडणे, शौचावरही ताबा नसणे, यांपैकी काहीही दिसले तर त्याच दिवशी दाखवावे. एरवी आणखी दोन शक्यता इतिहासावरूनच ओळखता येतात. पिल्लू असल्यापासून सतत ओली राहणारी मादी असेल, तर मूत्रवाहिनी (मूत्रपिंडातून मूत्राशयात लघवी आणणारी नळी) जन्मतः चुकीच्या जागी उघडत असण्याची शक्यता असते. गोल्डन रिट्रीव्हर आणि सायबेरियन हस्की यांत ते विशेष आढळते. नसबंदीनंतर काही दिवसांतच, उभी असतानाही अखंड थेंब गळू लागले, तर शस्त्रक्रियेच्या वेळी मूत्रवाहिनीला इजा झाली असण्याचा विचार करावा लागतो. आपल्या कुत्रीत हे दोन्ही नाही.

आता औषधे. मात्रा लिहितो ती आपल्या पशुवैद्यांशी बोलताना संदर्भ असावा म्हणून. दुकानात जाऊन स्वतः आणण्यासाठी नव्हे.

जगभर सर्वाधिक वापरले जाणारे औषध फेनिलप्रोपॅनोलामाइन. ते अल्फा ग्राहकांना चेतवते आणि मूत्रमार्ग आवळला जातो. किलोमागे 1 ते 2 मिलिग्रॅम, दिवसातून दोन किंवा तीन वेळा, अशी त्याची मात्रा असते आणि बहुसंख्य कुत्री काही दिवसांत कोरड्या होतात. अमेरिकेत ते कुत्र्यांसाठी प्रोइन या नावाने आणि युरोपात प्रोपॅलिन या नावाने मिळते, त्यामुळे तिकडे राहणाऱ्या मराठी वाचकांच्या चिठ्ठीवर पहिले नाव बहुधा हेच दिसेल. आपल्याकडे एके काळी सर्दीच्या अनेक गोळ्यांत ते असे. माणसांत मेंदूत रक्तस्राव होण्याच्या धोक्यामुळे अमेरिकेत 2000 साली ते माणसांच्या औषधांतून काढून घेण्यास सांगण्यात आले, आणि 2011 साली भारत सरकारने मानवी वापरावर बंदीची अधिसूचना काढली. तेव्हापासून ते सहजी मिळत नाही. मिळाले, तरी सुरू करण्यापूर्वी आणि नंतर दोन आठवड्यांच्या आत रक्तदाब मोजलाच पाहिजे; हृदयविकार, उच्च रक्तदाब, मूत्रपिंडाचा आजार किंवा काचबिंदू असलेल्या कुत्रीला ते शक्यतो टाळावे. डॉबरमनबाबत मी आणखी सावध राहतो, कारण या जातीत हृदयाचा स्नायू कमकुवत होण्याचा आजार पुष्कळ आढळतो आणि तो बराच काळ बाहेरून दिसत नाही. आपल्या कुत्रीसाठी हे औषध निवडायचेच असेल, तर आधी ईसीजी आणि इकोकार्डिओग्राफी करून घ्यावी.

येथे एक कळकळीची सूचना. ‘त्यातलेच आहे’ म्हणून मिळणारी सर्दीची कोणतीही गोळी कुत्रीला देऊ नये. त्यात पॅरासिटामॉल, कॅफीन, स्यूडोएफेड्रिन अशी मिश्रणे असतात. स्यूडोएफेड्रिन कुत्र्याला थोड्या मात्रेतही विषारी ठरते: छाती धडधडते, अंग तापते, झटके येतात.

माझ्याकडच्या बहुतेक कुत्रींत आता सुरुवात होते ती एस्ट्रिऑलने. हे सौम्य, अल्पकाळ काम करणारे इस्ट्रोजेन आहे आणि माणसांसाठीच्या गोळ्या आपल्याकडे चिठ्ठीवर मिळतात. अमेरिकेत कुत्रींसाठी त्याला 2011 साली मान्यता मिळाली. युरोपात ते त्याआधीपासून वापरात होते. त्याची मात्रा वजनावर ठरत नाही, हे ऐकून अनेकांना आश्चर्य वाटते. दहा किलोंची असो वा चाळीस किलोंची, सुरुवात साधारण रोज 2 मिलिग्रॅमने, एकदा, एक ते दोन आठवडे करतात. कोरडी झाली की 1 मिलिग्रॅम, मग अर्धा, आणि तरीही कोरडी राहिली तर दिवसाआड. प्रत्येक पायरीवर किमान आठवडाभर थांबावे आणि रोज सकाळी अंथरुणावरून हात फिरवून पाहून कॅलेंडरवर ‘कोरडे’ किंवा ‘ओले’ एवढेच लिहावे. हे कॅलेंडर मला कोणत्याही तपासणीइतकेच उपयोगी पडते. ‘थोडे बरे आहे’ या शब्दांवरून मात्रा ठरवता येत नाही.

एस्ट्रिऑलने योनीमुख किंवा स्तन किंचित सुजणे, नर कुत्र्यांनी मागे लागणे, कधी उलटी होणे, असे त्रास होतात आणि मात्रा उतरवली की बहुधा जातात. जुन्या काळी वापरले जाणारे डायइथिलस्टिल्बेस्ट्रॉल जास्त मात्रेत अस्थिमज्जा दाबत असे. एस्ट्रिऑलमध्ये ती भीती फारच कमी आहे, तरी वर्षातून एकदा रक्तपेशींची मोजणी मी करून घेतो. नसबंदी न झालेल्या मादीला, तसेच तहान-लघवी वाढलेल्या आणि कारण न शोधलेल्या मादीला हे देऊ नये.

एकाने पुरते काम झाले नाही, तर दोन्ही औषधे एकत्र देता येतात. तरीही गळत राहिले, तर दुप्पट मात्रा करण्याआधी पुन्हा लघवीचे कल्चर करावे. इतके दिवस कोरडी असलेली कुत्री अचानक गळू लागली, तर बहुतेक वेळा औषध संपलेले किंवा चुकलेले असते, किंवा नवा जंतुसंसर्ग झालेला असतो.

औषधांच्या गडबडीत वजनाचा प्रश्न मागे पडतो. 34 किलो हे मादी डॉबरमनसाठी प्रमाणातले वजन असू शकते, पण नुसत्या आकड्यावर विसंबू नये. बरगड्यांवरून हात फिरवावा. दाबल्याशिवाय त्या लागत नसतील, तर चरबी आहे. तसे असेल आणि वजन उतरले, तर औषधाची मात्रा कमी होऊ शकते, आणि थोड्या गळणाऱ्या काही कुत्री तर एवढ्यानेही कोरड्या झालेल्या मी पाहिल्या आहेत. पोळी, बिस्किटे, दूधभात बंद करणे हे घरातल्या आजी-आजोबांना पटवणे अवघड असते, याची मला कल्पना आहे. त्यांच्या हातून देण्यासाठी गाजराचे किंवा काकडीचे तुकडे वेगळ्या डब्यात ठेवावेत. देण्याचा आनंद राहतो आणि वजनही वाढत नाही.

शस्त्रक्रियेचा मार्ग शेवटचा. योनीमार्गाला टाके घालून मूत्राशयाची मान पुढे, पोटाच्या पोकळीत ओढून ठेवणे, दुर्बिणीतून मूत्रमार्गाच्या भिंतीत कोलॅजन टोचणे, किंवा मूत्रमार्गाभोवती फुगवता येणारे सिलिकॉनचे कडे बसवणे, असे प्रकार आहेत. टाक्यांच्या शस्त्रक्रियेने सर्वच पूर्ण कोरड्या होत नाहीत, कोलॅजनचा परिणाम काळानुसार ओसरतो, आणि कडे बसवण्याची सोय फार थोड्या ठिकाणी आहे. औषधे नीट, पुरेसे दिवस आणि योग्य मात्रेत देऊन झाल्याशिवाय मी त्याकडे वळत नाही.

उपचाराचा परिणाम दिसेपर्यंत तिची कातडी जपावी लागेल. योनीमुखाभोवती आणि मांड्यांच्या आत लघवी सुकत राहिली की कातडी लाल होते, चिरते, आणि पावसाळ्यात अशा ओल्या जागी माश्या बसून अळ्या पडतात. दोन वेळा कोमट पाण्याने धुऊन, न घासता, सुती कापडाने टिपून कोरडे करावे. डेटॉल किंवा हळदीचा लेप लावू नये. अंथरूण म्हणून जाड गोधडी नको. ती जुलैत चार दिवस वाळत नाही. जुन्या सुती साडीच्या चार घड्या, त्याखाली रबरी कापड, आणि बदलायला अशा सहा घड्या, हे मला सर्वांत सोयीचे वाटते. नवारीची खाट असेल तर आणखी चांगले, कारण ओल खाली उतरते आणि अंग कोरडे राहते. डायपर पाहुणे येतील तेवढ्यापुरता ठीक आहे. तासन्‌तास बांधून ठेवला तर जंतू वाढतात. फरशी फिनेलने पुसल्यावर पूर्ण वाळेपर्यंत तिला त्यावर झोपू देऊ नये. झोपण्यापूर्वी मात्र एकदा बाहेर नेऊन मूत्राशय रिकामे करून आणावे. पाणी तोडण्याऐवजी करण्यासारखा उपाय हाच आहे.

राहिला नसबंदीचा पश्चात्ताप, जो आपल्या शब्दांतून जाणवतो. हो, हा त्रास नसबंदीशी जोडलेला आहे. मोठ्या जातीच्या मादीची नसबंदी फार लहानपणी केल्यास धोका वाढतो, असे मानायला पुरावा आहे, जरी सर्व अभ्यास एकमुखाने तसे सांगत नाहीत. म्हणून मोठ्या चणीच्या पिल्लाबद्दल कुणी विचारले, तर वाढ पूर्ण होऊ द्यावी आणि एक माज झाल्यानंतर विचार करावा, असे मी सुचवतो. पण न केलेल्या नसबंदीचीही किंमत असते. गर्भाशयात पू होऊन मध्यरात्री आलेल्या सात-आठ वर्षांच्या माद्या, आणि स्तनाच्या गाठी फुप्फुसांपर्यंत गेलेल्या माद्या मी दरवर्षी पाहतो, आणि त्यांतल्या सगळ्या वाचत नाहीत. आपल्या कुत्रीचा आजार रोज एका लहान गोळीने आवाक्यात येण्याजोगा आहे. रस्त्यावरून घरी आणलेल्या, कानाचे टोक कापलेल्या, म्हणजे महापालिकेच्या कार्यक्रमात नसबंदी झालेल्या देशी माद्यांनाही कधीकधी हा त्रास होतो. उपचार हेच असतात, आणि त्या लहान चणीच्या असल्याने प्रमाण कमी दिसते.

पशुवैद्यांकडे जाताना तीन गोष्टी सोबत न्याव्यात: तीन दिवसांचा पाण्याचा हिशेब, स्वच्छ कोरड्या बाटलीत सकाळची पहिली लघवी तासाभरापेक्षा जुनी न होऊ देता, आणि ती बाहेर लघवी करत असतानाचा व झोपेतून उठतानाचा असे मोबाइलवरचे दोन व्हिडिओ. अँटिबायोटिकचा शेवटचा डोस केव्हा दिला होता, ती तारीखही सांगावी, कारण त्यावर कल्चर कधी घ्यायचे ते ठरते.